बर्गंडीत ग्रॅव्हल: जीपीएक्स नंतर, आधी वाफसा बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही दोघं नवराबायको सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून फ्रान्समधल्या बर्गंडीला येताय, सहा दिवस, दोघांकडे स्वतःच्या ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकली) आहेत. कालव्याच्या कडेने आणि द्राक्षमळ्यांमधून जाणारा, शक्यतो डांबर नसलेला रूट हवाय, रोज ८०-९० किमी, आणि 'एक चांगली जीपीएक्स फाईल द्या' (म्हणजे फोनवर किंवा जीपीएसवर लावायचा रस्त्याचा माग) असं शेवटी म्हटलंय.

फाईल देईन, पण आधी थोडं ऐका. मी मूळचा निफाडकडचा, घरी द्राक्षबाग, अकरा वर्षं झाली दिजोंला राहतो आणि गेले सहा सीझन इथे सायकल टूरवर लोकांना घेऊन फिरतो. फाईल घेऊन आलेले आणि दुसऱ्याच दिवशी बोन गावाच्या स्टेशनवर चिखलाने माखलेली सायकल धरून उभे असलेले लोक मी भरपूर बघितलेत. फाईल चुकीची नसते हो, ज्याने ती रेकॉर्ड केली तो जुलैत गेलेला असतो आणि तुम्ही पावसानंतरच्या सकाळी, एवढंच.

खरी अडचण अशी की तुम्ही मागताय त्या दोन गोष्टी जमिनीवर एका जागी नाहीयेत. फोटोत कालवा, त्याला लागून मळे, मधून पांढरी मुरमाची वाट असं दिसतं, पण इथे कालव्याला उतार चालत नाही आणि द्राक्षाला उतारच लागतो. बर्गंडीचे नावाजलेले मळे म्हणजे दिजोंपासून खाली सांतनेपर्यंत गेलेली एक पूर्वेकडे तोंड केलेली उतरण, लांबी पन्नास-साठ किलोमीटर पण रुंदी बऱ्याच ठिकाणी किलोमीटरभरसुद्धा नाही. त्याच्या मागे डोंगराळ भाग, त्याला ओत-कोत म्हणतात, जंगल, गुरं, थोडे मळे. आणि त्या डोंगराच्याही पलीकडे ऊश नदीचं खोरं, तिथून बर्गंडी कालवा जातो. म्हणजे कालवा आणि मळे यांच्यामध्ये एक डोंगर आहे, तो चढायलाच लागतो, आणि खरं सांगू का, तुम्हाला हवं असलेलं ग्रॅव्हल त्या डोंगरावरच आहे.

कारण कालव्याची वाट बरीचशी डांबरी आहे. पूर्वी घोडे जिथून बोटी ओढत न्यायचे ती ही वाट, आता सायकलवाल्यांसाठी गुळगुळीत केलीये. मळ्यांमधला प्रसिद्ध सायकल रस्ता, व्हा दे व्हिन्य, बोन ते सांतने साधारण बावीस किमी, पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी अशी एकेक गावं ओवत जातो, अप्रतिम आहे, पण तोही बहुतेक डांबर किंवा काँक्रीट, ट्रॅक्टर जायला केलेला. (गावांचे उच्चार मनावर घेऊ नका, यांच्यात निम्मी अक्षरं फक्त लिहायला असतात. ब्युसी नावाच्या गावात मधे चक्क एक्स आहे आणि तो कुणीच म्हणत नाही.)

मग कच्चं कुठे? आपल्याकडे शिवारात पाणंद रस्ते असतात ना, तसेच इथे मळ्यांना जायचे रस्ते आहेत, शेकड्याने. त्यातले कुठले चालवायचे हे मातीवर ठरतं आणि इथे माझं निफाडचं शिक्षण कामाला आलं. उतारावर वरच्या अंगाला, जिथे मळे संपून जंगल सुरू होतं तिथे माती पातळ, खाली चुनखडीचा दगड, पाणी झरझर निघून जातं. रात्री पाऊस झाला तरी दुपारी वाट कोरडी. खालच्या अंगाला, डी ९७४ नावाचा मोठा रस्ता आहे त्याच्याही खाली, माती खोल आणि चिकण, आपल्या काळ्या रानासारखी, पायात बूट दोन किलोचा होतो तशी. माझा आडाखा असा की जिथली वाईन स्वस्त तिथे चिखल जास्त. हे गमतीत म्हणतोय पण खोटं नाही, जास्त निचऱ्याच्या मधल्या-वरच्या पट्ट्यातली वाईन महाग आणि सपाटीवरच्या जड जमिनीतली स्वस्त, त्यामुळे वाईनच्या दर्जाचा नकाशा हाच आपला रस्त्याचा नकाशा.

म्हणून जीपीएक्सच्या आधी वाफसा, म्हणजे माती कामाजोगी सुकणं. शेतकऱ्याच्या घरातले असाल तर समजावून सांगायला नको, नसाल तर एवढंच की ओल्या मातीत औत घालत नाहीत तशी सायकलही घालायची नाही. पाऊस होऊन गेला की मळ्यातल्या खालच्या वाटा दीड-दोन दिवस विसरायच्या, वरच्या वाटांना अर्धा दिवस द्यायचा, आणि तो वेळ कालव्यावर घालवायचा. कालव्याचा खरा उपयोग हा आहे, पावसाच्या दिवसाचा आणि पाय दुखत असतील त्या दिवसाचा रस्ता. निव्वळ कालवा तीन दिवस चालवला तर चौथ्या दिवशी तुम्ही बदकं मोजायला लागाल. सरळ रेषा, झाडं, बोट, लॉक (बोट वर-खाली करायचं दारांचं कुंड), परत सरळ रेषा, आणि समोरून वारा असला तर कुठे आडोसा नाही.

हे मी कसं शिकलो ते सांगतो म्हणजे पटेल. माझं इथलं दुसरं वर्ष, एप्रिल, पहाटे पाऊस पडून ऊन आलेलं, पोमार सोडल्यावर नकाशावर एक छान वाट दिसली म्हणून डांबर सोडून खाली उतरलो. पहिले शंभर मीटर काही नाही. मग चाक जड झालं, मग फोर्कच्या आत माती ठासली, मला वाटलं थोडं जोर लावून निघू, आणि पॅडल मारलं तसा मागून कट्‌ असा आवाज. डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये, त्याला फ्रेमशी धरणारा हँगर मोडलेला. सायकल खांद्यावर घेऊन निघालो तर समोरून एक म्हातारा त्या उंच ट्रॅक्टरवर, इथले ट्रॅक्टर ओळीच्या वरून जातात, दोन पाय दोन बाजूंना टाकल्यासारखे, कारण ओळींमध्ये अंतर जेमतेम मीटरभर आणि वेल कमरेएवढे, आपल्यासारखे मांडव नाहीत. त्याने थांबून खिशातली छाटणीची कात्री काढून दिली, माती खरवडायला. मी रस्त्यावर येऊन खरवडायला लागलो तर ओरडला, तिकडे नाही, इकडे, वेलाच्या बुडाशी झटक. मला वाटलं रस्ता घाण होतो म्हणून, तर नाही, त्याची माती बाहेर जाते म्हणून! पावसाने खाली वाहून आलेली माती इथले लोक पिढ्यानपिढ्या परत वर नेऊन टाकत आलेत, त्यात मी दोन किलो सायकलला लावून घेऊन चाललेलो. मग चार किलोमीटर चालत बोन. तेव्हापासून सीटखालच्या पिशवीत एक हँगर कायम असतो.

आता किलोमीटरचं. ८०-९० हे तुमचं पुण्यातलं डांबरी गणित आहे ना? कालव्यावर ते होईल, आरामात. डोंगरात कच्च्यावर, बॅगा लावून, मी ५० ते ६० धरतो आणि चढ ८००-९०० मीटर झाला की दिवस भरला असं समजतो. तुमचा सराव किती, बायकोचा किती (हे तुम्ही लिहिलंच नाहीये, आणि ग्रुपचा स्पीड मागच्या माणसाचा असतो), सामान किती, यावर हे बदलेल. सिंहगड सायकलवर न थांबता चढत असाल दोघंही, तर ७० ठेवा. पण मग वाटेत थांबणार कधी?

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. हवेप्रमाणे दिवसांची अदलाबदल करायची, फक्त दिशा उत्तर-दक्षिण ठेवायची.

दिजोंला सायकली जोडून पहिला दिवस कालव्याने. शहरातून लाक किर तलावाच्या कडेने बाहेर पडलात की ऊशच्या खोऱ्यात शिरता, आणि पाँ-दूशपर्यंत साधारण चाळीस किलोमीटर चढ जाणवतच नाही, फक्त प्रत्येक लॉकपाशी दोन-तीन मीटरचा उंचवटा. लॉकच्या घरांवर नंबर असतात आणि पुढे एस, म्हणजे सोन नदीच्या बाजूचा. कालवा पूर्ण २४२ किमी, लॉक १८९, त्यातले ७६ सोनकडचे आणि ११३ पलीकडच्या योनकडचे, आणि मोजणी माथ्यापासून सुरू होते, त्यामुळे दिजोंहून जाताना नंबर पन्नाशीतून उलटे उतरत जातात. कंटाळा आला की बायकोला सांगा पुढचा नंबर ओळख. माथ्यावर पुयीला बोटी डोंगराच्या पोटातून ३.३ किमीच्या बोगद्यातून जातात, तो बघायचा असेल तर वाकडी वाट करून वेगळा दिवस लागेल, मी या सहा दिवसांत घेणार नाही. पाँ-दूशला कालवा नदीवरून पूल करून वळतो तिथे आपण त्याला सोडायचं, ब्लिन्यीवरून डोंगर ओलांडून बुयाँ, तिथून कड्यांच्या मधून साव्हिन्यीला उतरायचं. जंगलातले कच्चे रस्ते इथे भेटतात, पाऊस असेल तर डांबरी पर्याय शेजारीच आहे. शेवटच्या उतारावर एकदम मळे दिसायला लागतात, आणि दिवसभर कालवा बघून मग ते दिसतात म्हणून जास्त आवडतात. मुक्काम बोन.

दुसरा दिवस बोनमध्येच, बॅगा खोलीवर टाकून. सकाळी कोर्तोंची टेकडी, डोक्यावर जंगलाची टोपी घातल्यासारखी गोल टेकडी आहे, तिच्या अंगाने मळे आणि वरून कच्ची वाट. मग पेर्नां गावावरून मागच्या डोंगरात पन्नासेक किलोमीटरची चक्कर. दुपारी परत येऊन ओस्पिस बघा, १४४३ सालचं धर्मार्थ इस्पितळ, रंगीत कौलांचं छप्पर, त्याच्या मालकीचे मळे अजून आहेत आणि त्यांच्या वाईनचा लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. पुढे कधी नोव्हेंबरात यायचं म्हणालात तर तो वीकेंड टाळा, गावात झोपायला बाकडंसुद्धा मिळत नाही.

तिसरा दिवस माझ्या मते सगळ्यात चांगला आणि इथेच कोरडी हवा वाचवून ठेवायची. बोनहून व्हा दे व्हिन्यने मर्सोपर्यंत, मग डांबर सोडून वर सँ-रोमँकडे, पांढऱ्या कड्यांखालचं गाव, तिथून पठारावरून ला रोशपो आणि नोले. पठारावर रस्ता म्हणजे शुद्ध चुनखडीचा चुरा, टायरखाली कुरकुर आवाज, दोन्ही बाजूंना दगड रचून केलेले बांध, आणि ऊन असलं की डोळे मिटायला लागतात इतका पांढरा, गॉगल लागतोच. संध्याकाळी पाय शिल्लक असतील तर मों द सेन, ५२१ मीटर, वर तीन क्रूस उभे आहेत, सांतने खाली दिसतं. शेवटचा चढ छोटा आहे पण गप्प करतो. मुक्काम सांतने किंवा शान्यी.

चौथ्या दिवशी दुसरा कालवा, कनाल द्यु सांत्र, ११२ किमीचा, १७९० च्या दशकातला. त्याच्या कडेने थोडंच जायचं, चव घेण्यापुरतं, आणि मग र्‍युली, मेर्क्युरे, जिव्री अशा गावांमधून ब्युसीला. इथले मळे बोनइतके चकचकीत नाहीत, मधे गवताची कुरणं, पांढऱ्या शारोले गाई, भिंती पडक्या, आणि खोल्या स्वस्त. मला हा भाग जास्त आवडतो, पण पहिल्यांदा येणाऱ्याला कोण सांगणार.

पाचवा दिवस जुन्या रेल्वेमार्गावरून. जिव्री ते क्ल्युनी ४४ किमी, रूळ काढून १९९७ मध्ये सायकलवाट केली, बर्गंडीतली अशी पहिली. चढ रेल्वेला चालेल एवढाच. सपाट आणि गुळगुळीत आहे, म्हणून मी ब्युसीनंतर दोनदा बाजूच्या जंगलात शिरून परत येतो, ते तुमच्या पायांवर. सहाव्या दिवशी क्ल्युनीहून मॅकों, वाटेत १.६ किमीचा रेल्वेचा बोगदा आहे, दिवे आहेत पण आत भर उन्हाळ्यात कुडकुडायला होतं, जॅकेट हाताशी ठेवा. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात, तुम्ही सप्टेंबरात म्हणजे उघडा मिळेल. मग सोल्युत्रेचा सुळका डाव्या-उजव्या हाताला घेत मळ्यांमधून मॅकों स्टेशन, ट्रेनने परत दिजों.

ट्रेन हीच या सगळ्याची चावी आहे. दिजों, बोन, शान्यी, शालों, मॅकों ही सगळी एकाच रेल्वेलाईनवर, आणि टेर नावाच्या लोकल गाड्यांत सायकल अख्खी जाते, हुकला लटकवायची. म्हणजे कुठल्याही दिवशी पाऊस लागला, गुडघा धरला, भांडण झालं, तरी उताराच्या पायथ्याला स्टेशन आहे. पॅरिसहून येताना टीजीव्ही या वेगवान गाडीपेक्षा बेर्सी स्टेशनवरून सुटणारी टेर बघा, वेळ दुप्पट लागतो पण सायकल सुटी करून बॅगेत कोंबावी लागत नाही. सीझनमध्ये काही गाड्यांना सायकलचं आधी बुकिंग लागतं, ते तारखा ठरल्या की बघून घ्या.

सायकलबद्दल थोडक्यात. टायर ४० मिमीच्या खाली नको, मी ४२ ट्यूबलेस वापरतो, माझं वजन ७२ आणि बॅगांसकट पुढे ३० मागे ३४ पीएसआय. ओल्या चुनखडीवर जास्त हवेचं टायर साबणावरून गेल्यासारखं सरकतं. मळ्यांत तारा बांधतात त्यांचे तुकडे आणि क्लिपा वाटेवर पडलेल्या असतात, सीलंट (टायरमधलं छिद्र बुजवणारं द्रव) ताजं भरून या आणि प्लग किट (मोठी भोकं बुजवायचं) ठेवा. गिअरमध्ये पुढच्या चाकीएवढी तरी मागची मोठी चाकी हवी, पुढे ४० दाते असतील तर मागे ४०-४२. बाकी ब्रँड वगैरे जे आहे ते चालेल.

तुमच्या आठवड्याबद्दल दोन गोष्टी. एक, द्राक्षतोडणी. वर्षानुसार ती सप्टेंबरच्या शेवटी संपलेली असेल किंवा अर्धवट चालू असेल, हल्ली बऱ्याचदा लवकरच होते. चालू असेल तर मळ्यातली वाट त्यांची, आपली नाही. ट्रॉली आली की उतरून कडेला उभं राहायचं, हात करून बाँझूर म्हणायचं. आणि घड तोडायचा नाही, एकही. निफाडला वाटेवरच्या माणसाला आम्ही बोलावून घड देतो, इथे एकेक वाफा कुणाचा आणि त्यातून किती बाटल्या ते ठरलेलं असतं. मळ्यांचे हे तुकडे, क्लिमा म्हणतात, २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, म्हणजे तुम्ही वारसास्थळातच सायकल चालवताय असं समजा. काही वाटा खाजगी आहेत, पाटी असली की मागे फिरा, ॲपमध्ये ठिपक्यांची रेघ आहे म्हणून वाद घालू नका. कधी ती रेघ थेट दगडी भिंतीत जाऊन संपते तेव्हा तर वाद घालायला पण कुणी नसतं.

दोन, शिकार. सप्टेंबरातच इथे शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि रविवारी ओत-कोतच्या जंगलात बंदुका असतात. वाटेवर शास आँ कूर (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली की त्या रस्त्याने जायचं नाही. भडक केशरी जॅकेट घाला, आणि रविवार कालव्यावर किंवा रेल्वेवाटेवर येईल असं बसवा. लोक हसतात मी हे सांगतो तेव्हा, मी हसत नाही.

पाणी: गावात हॉटेल बंद, दुकान बंद, माणूस दिसत नाही अशी वेळ येतेच. अशा वेळी गावाबाहेरची दफनभूमी शोधा, तिथे बहुधा नळ असतो, झाडांना घालायला. 'नों पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) लिहिलं असेल तर प्यायचं नाही. आपल्या लोकांना आधी कसंतरी वाटतं, दुसऱ्या दिवशी दुपारी सवय होते. जेवण बारा ते दीडमध्ये, त्यानंतर स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर बेकरी पण मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून सकाळीच ब्रेड, चीज, टोमॅटो बॅगेत. शाकाहारी असाल तर हेच तुमचं दुपारचं जेवण, पुण्याची चटणी तेवढी बरोबर आणा, बागेतभर वास सुटतो.

आणि वाईन. टेस्टिंग करा, पण चूळ भरून थुंकायला तिथे भांडं ठेवलेलं असतं ते लाजायला नाही. दारूची मर्यादा, रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, सायकलवाल्यालाही लागू आहे, आणि पोलीस जाऊ दे, दोन ग्लासांनंतर मों द सेन उतरून दाखवा. मी ग्रुपला मुक्कामाच्या गावीच टेस्टिंग देतो, सायकली लॉक करून.

तर फाईल मी दोन बनवून देईन, प्रत्येक दिवसाची एक कोरडी आणि एक ओली, कुठली लावायची ते सकाळी खिडकीतून बाहेर बघून ठरवायचं. त्यासाठी मला कळवा: बायकोने यापूर्वी सलग तीन दिवस सायकल चालवलीये का, बॅगांचं वजन किती, आणि दोन्ही सायकलींचं मॉडेल, कारण हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि बोनच्या दुकानात तुमचा निघेल याची आशा धरू नका. दोन घेऊन या, एकेकीचा एक.